शिष्यवृत्तीच्या पत्रामागे हिशोबाचं एक पान जोडा

प्रति,
बारावीच्या मुलांना गुणवत्ता शिष्यवृत्तीची पत्रं पाठवणाऱ्या खासगी आणि अभिमत विद्यापीठांचे प्रवेश विभाग

सप्रेम नमस्कार.

तुमच्यापैकी एका विद्यापीठाचं इंजिनीअरिंगच्या प्रवेशाचं पत्र निफाडच्या आमच्या घरी अजून देव्हाऱ्यात आहे. माझ्या सासऱ्यांनी, आप्पांनी, ते तिथे ठेवलंय. जाडजूड कागद, वर सोनेरी शिक्का, मधोमध त्यांच्या नातीचं पूर्ण नाव आणि त्याखाली मोठ्या अक्षरांत पन्नास टक्के गुणवत्ता शिष्यवृत्ती. पत्र इंग्रजीत. लेकीनं ते मराठीत करून सांगितलं तेव्हा आप्पांनी आधी हात धुतले, मग पत्र हातात घेतलं आणि त्याच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावलं. ते बोट अजून त्या कागदावर आहे.

आप्पांच्या पिढीत स्कॉलरशिप म्हणजे चौथीची आणि सातवीची परीक्षा. अख्ख्या शाळेतून एखाद्या पोराला मिळायची. त्याचं नाव फळ्यावर लागायचं आणि ते पोर म्हातारं झालं तरी गाव म्हणायचं, हा स्कॉलरशिपवाला. पैसे थोडेच असत, पण ते कुणी कमी-जास्त करून घ्यायला गेल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. त्यामुळे तुमचं पत्र वाचून आप्पांना एकच अर्थ लागला की आपल्या नातीला कुणीतरी पारखलं आणि मान दिला. रात्री जेवणं झाल्यावर ते म्हणाले, "द्राक्षाचे निम्मे पैसे व्यापाऱ्याकडून यायचेत. नाहीच भागलं तर रस्त्याकडचा अर्धा एकर काढून टाकू. पोरीनं मिळवलंय, आता आपण मागं सरायचं नाही."

या एका वाक्यामुळे मी तुम्हाला लिहायला बसले.

मी नाशिकमधल्या एका नागरी सहकारी बँकेत कर्ज विभागात आहे, १९ वर्षं झाली. माझे मिस्टर अंबडच्या एका कारखान्यात आहेत. आम्ही सिडकोत राहतो. ह्यांची सेकंड शिफ्ट असली की घरी यायला साडेअकरा वाजतात, आणि मे महिन्यात आमच्या घरातल्या बैठका तेव्हाच सुरू व्हायच्या. ताट झाकून ठेवलेलं, शेजारी फुलस्केप वही, लेक, धाकटा आणि आम्ही दोघं. वहीत मी उभे रकाने आखले होते. हिशोब आकड्यांत उतरल्याशिवाय मला काही कळत नाही, ही बँकेची सवय.

पहिला रकाना पुण्याकडच्या विद्यापीठाचा. शिक्षण शुल्क वर्षाला ३ लाख ८० हजार, त्यावर ५० टक्के शिष्यवृत्ती, म्हणजे आम्ही भरायचे १ लाख ९० हजार. दुसरा रकाना मुंबईकडचा. तिथलं शुल्क २ लाख ७५ हजार आणि पत्रावर ठळक अक्षरांत २ लाख रुपयांची शिष्यवृत्ती. धाकटा लगेच म्हणाला, "मग ७५ हजारच भरायचे की!" पत्र उलटून पाहिलं तर मागच्या बाजूला बारीक टायपात होतं की हे २ लाख चारही वर्षांचे मिळून आहेत, दर वर्षाला ५० हजार. चार वर्षांच्या ११ लाखांत २ लाख, म्हणजे साधारण १८ टक्के.

मग मी हॉस्टेल, मेस आणि 'इतर शुल्क' धरलं. पुण्याकडे हॉस्टेल-मेस १ लाख ६५ हजार आणि इतर ३५ हजार. मुंबईकडे १ लाख ४० हजार आणि २० हजार. चार वर्षांची बेरीज केली. पहिल्या रकान्याखाली १५ लाख ६० हजार आले, दुसऱ्याखाली १५ लाख ४० हजार. मी दोनदा तपासलं. एका विद्यापीठानं आम्हाला चार वर्षांत ७ लाख ६० हजारांची शिष्यवृत्ती दिली होती, दुसऱ्यानं २ लाखांची, आणि आमच्या घरातून जाणारा पैसा दोन्हीकडे जवळपास तेवढाच होता. मूळ फी जितकी वर नेऊन ठेवावी तितकी शिष्यवृत्ती मोठी दिसते, हे मला त्या रात्री कळलं. आप्पांनी देव्हाऱ्यात ठेवलेलं पत्र दोघांतलं महागडं होतं.

आणि हा हिशोब शिष्यवृत्ती चारही वर्षं टिकली तर. अट होती सीजीपीए, म्हणजे दहापैकी सरासरी गुणांक, ८.५ च्या खाली जायला नको, एकही विषय मागे राहायला नको आणि हजेरी ७५ टक्के हवी. एका सेमिस्टरला लेक तापानं पडली आणि दुसऱ्या वर्षापासून शिष्यवृत्ती गेली असं धरून मी शेजारी आणखी एक रकाना आखला. बेरीज २१ लाख ३० हजार. ५ लाख ७० हजारांचा फरक, तोही कधी अंगावर येईल ते आधी सांगता येत नाही असा. दरवर्षीची फीवाढ मी धरलीच नव्हती. ती 'लागू राहील' एवढंच पत्रात होतं, किती ते नव्हतं.

मी तुमच्या समुपदेशकांना फोनवर एक साधा प्रश्न विचारला. गेल्या वर्षी पहिल्या वर्षाला ज्यांना ही शिष्यवृत्ती मिळाली, त्यांतल्या किती मुलांची दुसऱ्या वर्षी टिकली? हा आकडा तुमच्या लेखा विभागाकडे असणारच. उत्तर मिळालं, "मॅडम, तुमची मुलगी हुशार आहे, काळजी करू नका." मुलगी हुशार आहे ते मला ठाऊक आहे. मी आकडा विचारला होता.

त्याच दिवशी दुपारी चार वाजता परत फोन आला. सकाळी मी "विचार करून सांगते" म्हटलं होतं म्हणून असेल. आता शिष्यवृत्ती ६० टक्के झाली होती, "खास तुमच्यासाठी, वरिष्ठांशी बोलून." क्षणभर मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. वर्षाचे ३८ हजार वाचत होते. पण फोन ठेवल्यावर लेक म्हणाली, "आई, सकाळपासून माझे मार्क वाढले नाहीत." तिचा चेहरा उतरला होता. ते पत्र तिनं स्वतः कमावलं आहे असं ती तोवर समजत होती. मैत्रिणींना सांगून झालं होतं. आता तिला वाटलं की हे भाजीच्या भावासारखं आहे, आई थोडी ताणून धरते म्हणून कमी झालं. आणि मला वाटलं, ज्या घरात ताणून धरणारं कुणी नाही, ज्यांनी पहिल्याच फोनला हो म्हटलं, त्यांच्या तेवढ्याच हुशार लेकराला ५० टक्केच राहिले. गुण बघून दिलेली गोष्ट आईबापांच्या बोलण्याच्या ताकदीवर बदलत असेल, तर तिला गुणवत्ता शिष्यवृत्ती म्हणू नका. सवलत म्हणा. सवलत देण्यात काही वाईट नाही. जागा भरायच्या असतात, प्राध्यापकांचे पगार द्यायचे असतात, हे मला समजतं. तुमच्यापैकी एकाकडे आम्ही जाऊन आलो, तिथली प्रयोगशाळा बघून लेकीचे डोळे चमकले होते आणि तिथल्या एका प्राध्यापकांनी तिच्याशी अर्धा तास मनापासून गप्पा मारल्या. तुमच्याकडे चांगलं काही नाही असं माझं म्हणणं अजिबात नाही.

माझं गाऱ्हाणं पत्राबद्दल आहे, आणि त्याहून जास्त त्यातल्या तारखेबद्दल. वहीतला तिसरा रकाना नाशिकचा होता आणि मे महिन्यात तो कोराच होता.

तो कोरा का होता हे तुम्हाला आमच्यापेक्षा चांगलं माहीत आहे. सीईटीचा निकाल जूनमध्ये लागतो. मग कॅपची, म्हणजे राज्य सरकारच्या एकत्रित प्रवेश फेऱ्यांची, नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, गुणवत्ता यादी, पसंतीक्रम, आणि पहिल्या फेरीचं जागावाटप कधी कधी जुलै संपता संपता. पहिल्या फेरीत पहिला पसंतीक्रम मिळाला तर तीच जागा घ्यावी लागते. २०२५ पासून दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनांपैकी मिळाली तरी तेच. म्हणजे फॉर्म भरताना एकेक ओळ तोलून मापून लिहावी लागते. आम्ही तो क्रम तीन रात्री लावत होतो, कॉम्प्युटर वर की आयटी वर, गावातलं वर की पुण्यातलं सरकारी वर. तुमची पत्रं मात्र एप्रिल-मेमध्ये येतात आणि ४८ तासांत २५ हजार भरा म्हणतात, नाहीतर शिष्यवृत्ती पुढच्या विद्यार्थ्याला जाईल. ज्या घरासमोर तुलना करायला दुसरं काहीच नाही अशा दिवसांत तुम्ही त्या घराकडून उत्तर मागता.

आणि त्या कोऱ्या रकान्यात काय येऊ शकतं याबद्दल तुमच्या पत्रात एक शब्द नसतो. ८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ८ लाखांपर्यंत असलेल्या ओबीसी, एसईबीसी (मराठा आरक्षणाचा वर्ग) आणि ईडब्ल्यूएस (आर्थिक दुर्बल घटक) मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. खासगी विनाअनुदानित कॉलेजातही आहे. पण प्रवेश कॅपमधून झालेला हवा. व्यवस्थापन कोटा आणि संस्थास्तरावरचे प्रवेश त्यात बसत नाहीत, आणि खासगी अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं त्यातून वगळलेली आहेत. माझी लेक ओबीसी आहे. आम्हा दोघांचा पगार मिळून ८ लाखांच्या आत आहे. तुमचं ५० टक्क्यांचं पत्र स्वीकारलं की तिचा १०० टक्क्यांचा हक्क त्या चार वर्षांपुरता संपतो. हे आम्हाला कुणी सांगितलं? नॉन-क्रीमीलेअरचा दाखला काढायला मी सेतूच्या रांगेत उभी होते, तिथे पुढे उभ्या असलेल्या एका बाईंनी. त्यांच्या थोरल्या मुलीचं आदल्या वर्षी झालं होतं.

आमच्या शेजारचा मुलगा खुल्या वर्गातला. त्याला ही माफी नाही, पण उत्पन्न ८ लाखांच्या आत असल्यानं कॅपच्या जागेवर राजर्षी शाहू महाराज शिक्षण शुल्क शिष्यवृत्ती योजनेतून निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. शिवाय टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शुल्कमाफी योजनेच्या, जागा असतात, मंजूर जागांच्या वर ५ टक्के, गुणवत्तेनं भरल्या जाणाऱ्या, शिक्षण शुल्क माफ. पसंतीक्रम भरताना त्यांचा कोड वेगळा टाकावा लागतो, एवढं माहीत नसलं तरी जागा हातची जाते. म्हणजे प्रत्येक घराचा तिसरा रकाना वेगळा. तो भरायला वेळ लागतो, दाखले लागतात, कुणीतरी समजावून सांगणारं लागतं.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट सांगते. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार आम्ही वैयक्तिक कर्ज मागायला आलेल्या प्रत्येकाला केएफएस देतो, की फॅक्ट्स स्टेटमेंट, म्हणजे कर्जाच्या मुख्य बाबींचा कागद. त्यात व्याजदर, प्रक्रिया शुल्क, विमा, सगळं धरून वर्षाला खरा दर किती पडतो ते लिहावं लागतं, आणि दंड किती लागेल तेही. त्यात नसलेला आकार नंतर त्याच्या संमतीशिवाय लावता येत नाही. ते त्याला समजेल अशा भाषेत असावं लागतं आणि त्यातलं मला त्याला समजावून सांगावं लागतं. सात दिवस किंवा त्याहून मोठ्या मुदतीचं कर्ज असेल तर विचार करायला निदान तीन कामकाजाचे दिवस द्यावे लागतात. फ्रिजसाठी ३० हजार मागणारा माणूसही तो कागद घरी नेतो, बायकोला दाखवतो, मग येऊन सही करतो. पूर्वी लोक फक्त हप्ता विचारायचे. आता बोट ठेवून विचारतात, हे काय, ते काय. मला त्यानं काम वाढलं, पण माझ्याकडे भांडायला येणारे कमी झाले.

१५ लाखांच्या निर्णयासाठी माझ्या घराला असा कागद मिळाला नाही. तो द्या, एवढंच मागणं आहे.

एकच पान पुरेल. मराठीत आणि इंग्रजीत. चारही वर्षांत घरातून एकूण किती पैसे जातील ते, शिष्यवृत्ती टिकली तर किती आणि दुसऱ्या वर्षी गेली तर किती. फी दरवर्षी जास्तीत जास्त किती वाढू शकते त्याचा आकडा, 'लागू राहील' नको. हॉस्टेलची खोली बदलली, मेस बदलली तर काय ते. शिष्यवृत्ती टिकण्याची अट, आणि त्या अटीत मागच्या तुकडीतले किती जण बसले. एआयसीटीईची, म्हणजे केंद्राच्या तंत्रशिक्षण परिषदेची, प्रगती शिष्यवृत्ती निवड झालेल्या मुलींना वर्षाला ५० हजार देते. ती किंवा दुसरी एखादी मिळाली तर तुमची तुम्ही कमी करणार का, तेही लिहा. राज्य सरकारच्या फी सवलती तुमच्याकडे मिळणार नसतील तर तसं स्पष्ट वाक्य ठळक अक्षरांत हवं. पीएम विद्यालक्ष्मी योजनेच्या यादीत तुमचं नाव आहे की नाही हे तर नक्कीच हवं. त्या योजनेत विनातारण, विनाजामीन कर्ज मिळतं, आणि ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलांना १० लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते, पण ती यादीतल्या संस्थांपुरतीच. आमच्याकडे पालक येतात आणि "कॉलेजवाले म्हणाले लोन होऊन जाईल" एवढंच सांगतात. साडेदहा टक्क्यांनी १० लाख, दहा वर्षांसाठी, म्हणजे महिन्याला साडेतेरा हजारांचा हप्ता, कोर्स चालू असतानाचं व्याज वेगळं. हा आकडा ऐकल्यावर समोरच्या खुर्चीतला बाप गप्प होतो. मी ते गप्प होणं कितीतरी वेळा पाहिलंय.

तारखेचं काय करायचं तेही सांगते. कॅपची पहिली फेरी लागून निदान तीन कामकाजाचे दिवस होईपर्यंत तुमचं पत्र उघडं ठेवा. तोवर जागा धरून ठेवायला पैसे घ्यायचे असतील तर घ्या, पण पावतीवर 'परत मिळणार नाहीत' असा शिक्का मारू नका. आम्ही ते २५ हजार भरले होते, मुदत संपायला तासभर उरला असताना, कारण भीती वाटली. ह्यांच्या ओव्हरटाइमचे पैसे होते ते. पावतीवर तोच शिक्का होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या अधिसूचनेत आहे की प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस आधीपर्यंत प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत द्यायची, प्रक्रियेपोटी फार तर ५ टक्के आणि तेही ५ हजारांपर्यंतच कापायचे, अर्ज आल्यापासून १५ दिवसांत पैसे द्यायचे आणि मुलांची मूळ कागदपत्रं अडकवून ठेवायची नाहीत. मी ते छापून अर्जाला जोडलं. पैसे आले, पण सात आठवड्यांनी आणि अकरा ई-मेलनंतर. ज्यांना ही अधिसूचना माहीत नाही ते शिक्का वाचून अर्जच करत नाहीत.

तिसरा रकाना ऑगस्टमध्ये भरला. दुसऱ्या फेरीत लेकीला शहरातल्याच एका कॉलेजात आयटी मिळालं. शिक्षण शुल्क सव्वा लाख, ते माफ. बाकीचं शुल्क १८ हजार, बस आणि पेट्रोल मिळून साधारण १५ हजार. वर्षाला ३३ हजार, चार वर्षांत १ लाख ३२ हजार. तिला कॉम्प्युटर हवं होतं, ते मिळालं नाही. त्या रात्री ती थोडी रडली आणि मी तिला रडू दिलं. पुण्याकडची ती प्रयोगशाळा तिच्या मनातून गेलेली नाही. तिनं ती सोडली, पण वहीतले तिन्ही रकाने स्वतः बघून, स्वतः बेरीज करून सोडली. आम्हा दोघांपैकी कुणी तिला नको म्हटलं नाही. मे महिन्यातच ४८ तासांत ठरवावं लागलं असतं तर ठरवणारी ती नसती, भीती असती.

बाग आहे तशी आहे. या दिवाळीला निफाडला गेलो तेव्हा आप्पांनी विचारलं, ते पत्र आता काढू का देव्हाऱ्यातून? मी म्हटलं, राहू द्या, तिचं नाव आहे त्याच्यावर. माझा पुतण्या यंदा बारावीला आहे, त्याच घरात राहतो. मे महिन्यात त्याच्या नावानंही तुमची पत्रं येतील आणि आप्पा ती घेऊन एसटीनं सिडकोत माझ्याकडे येतील. त्या पत्रामागे मी मागितलेलं पान जोडलेलं असेल, तर मी ते त्यांना पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचून दाखवीन.

आपली,
सिडको, नाशिक इथली एक आई